दोन शून्यांच्या माथी

१

झानिल रविवारी संध्याकाळी मेली, आणि तिला कॉम्प्युटरने मारलं हे बुधवारपर्यंत तासकेशू या कझाक गावाने ठरवूनही टाकलं.

बाजारात तेच, बसमध्ये तेच, बेकरीच्या रांगेतही तेच. टीव्हीवर महिनाभर एकच रड चालली होती. नव्याण्णव साल संपलं की कॉम्प्युटरला पुढे दोन शून्यं दिसणार, त्याला ते एकोणीसशे साल वाटणार, मग विमानं पडणार आणि बँका बुडणार. तासकेशूत विमानतळ नव्हता. बँक होती, पण तिच्यात बुडण्यासारखं फारसं काही नव्हतं. कॉम्प्युटर मात्र रक्तकेंद्रात एक होता, आणि त्याने साल संपायची वाटही न बघता माणूस खाल्ला, असं लोक सांगत होते. सांगताना एकेकाच्या आवाजात अभिमान डोकावायचा. आपल्याही गावात काहीतरी जगाच्या बरोबरीने घडलं, असा.

तपास अधिकारी कुल्याश सातिबेकोव्नाने फाइल वाचली आणि तिचं डोकं तडकलं. तिचं डोकं लवकर तडकतं हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. म्हणून अवघड फाइली तिला देत नसत. ही सोपी म्हणून दिली होती.

मजकूर एवढाच होता. झानिल, वय चोवीस, शाळेत भूगोल शिकवायची. पहिलं बाळंतपण. मुलगी झाली, सुखरूप. आईचं रक्त मात्र थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह, कझाक माणसांत शोधून सापडत नाही असा. तिचे वडील कझाक, आई जर्मन, आणि रक्ताच्या बाबतीत ती आईवर गेली होती. प्रसूतिगृहाने रक्तकेंद्राला फोन केला. त्या गटाच्या चार बाटल्या तिथे असायला हव्या होत्या. नर्सने फ्रीज उघडला तर कप्पा रिकामा. प्रांताच्या शहरातून रक्त निघालं, पण बर्फाच्या रस्त्याने ते येईपर्यंत झानिल थांबली नाही.

कप्पा रिकामा का? तर शनिवारी कॉम्प्युटरची नव्या सालासाठी तपासणी झाली. त्यात त्याने बाटल्यांच्या तारखा चुकीच्या वाचल्या आणि त्यांची मुदत संपल्याचं सांगितलं. केंद्राच्या प्रमुखांनी नियमाप्रमाणे त्या ओतून टाकल्या. तपासणी करणारा प्रोग्रॅमर रोबर्ट हेगाय मंगळवारपासून कोठडीत होता.

"आपाय, माणूस सापडलाय, यंत्र सापडलंय, कलम सापडलंय," सरकारी वकील मार्लेन म्हणाला. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता, म्हणून आपाय, म्हणजे ताई, म्हणायचा. आणि तिचा वरिष्ठ होता, म्हणून खुर्चीतून उठायचा नाही.

"मग मी काय शोधू?"

"पेन. खाली सही करा. नवं शतक कोऱ्या टेबलाने सुरू करू या."

कुल्याशने फाइल काखेत मारली. दारात जाऊन ती वळली.

"मार्लेन, एक सांग. त्या यंत्राला तारीख वाचता येत नव्हती ना? मग त्याने फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या सोडून नेमक्या ओ निगेटिव्हच कशा बाद केल्या? तारखेची चूक रक्तगट बघून होते का?"

मार्लेनने हातातलं टोपण पेनाला लावलं.

२

रोबर्ट हेगाय कोठडीत पँट हाताने धरून उभा होता. पट्टा काढून घेतला होता, बुटाच्या नाड्याही. चष्मा तेवढा ठेवला होता, त्याचीही एक काच तडकलेली.

"काच कोणी फोडली?"

"पडलो," तो म्हणाला.

कुल्याशने दारातल्या शिपायाकडे पाहिलं. शिपाई छताकडे बघायला लागला.

"बैस. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. टायपिंगसुद्धा दोन बोटांनी करते. तेव्हा मूर्खाला सांगतात तसं सांग."

"त्यात कळण्यासारखं काही नाहीच, आपाय. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेत. ज्या बाटलीची मुदत जानेवारीत संपते तिच्यापुढे वर्ष म्हणून शून्य शून्य. कॉम्प्युटर म्हणतो, आज नव्याण्णव, हिची मुदत शून्यात संपली, म्हणजे ही केव्हाच खराब झाली. मग तो त्या ओळीवर लाल खूण करतो. हे दुरुस्त करायलाच मला नेमलंय."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी दुपारी मी सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, रोग कसा दिसतो ते आधी बघा, मग औषध बघा. जुना प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर ओळीच्या ओळी लाल. सगळे हसले. आमचे प्रमुख ओराझाली आगा तर म्हणाले, हा आपल्या सरकारसारखाच आहे, पुढचं बघितलं की घाबरतो. मग मी दुरुस्ती टाकली. संध्याकाळपर्यंत एक लाल खूण उरली नव्हती."

"लाल कुठल्या होत्या? सगळ्या?"

"नाही, नाही. फक्त जानेवारीवाल्या. डिसेंबरात संपणाऱ्यांना कशी लागेल खूण? त्यांच्यापुढे नव्याण्णवच आहे."

"त्यात ओ निगेटिव्ह होत्या?"

"मला माहीत नाही. मी तारखा बघत होतो, गट नाही. शंभरावर ओळी होत्या."

"आता यंत्रात बघता येईल?"

"नष्ट केलेल्या बाटलीची ओळ पुसून टाकतात. नियमच आहे तसा." तो खाली बघून बोलायला लागला. "पण असणार त्या लालमध्ये. असल्याच पाहिजेत. नाहीतर आगा कशाला ओततील? मी दुपारी तो खेळ दाखवला नसता, आधीच गुपचूप दुरुस्ती टाकली असती, तर... झानिल माझ्या बहिणीच्या मुलाला शिकवायची. आपाय, तुम्ही मला खरं सांगा. मीच मारलं ना तिला?"

कुल्याशला या पोराचा राग आला. कोणी बोट दाखवावं आणि याने मान पुढे करावी! मग तिला वाटलं, इतक्या सरळ माणसाच्या गळ्यात हे अडकवणं कोणाला तरी फार सोयीचं गेलं असणार.

"पँट सोडू नकोस," ती म्हणाली. "मी पट्टा मिळवून देते."

३

रक्तकेंद्रात प्रमुख डॉक्टर ओराझाली यांना सगळे आदराने आगा म्हणत. पांढरे केस, मऊ आवाज, हाताखाली दोन पिढ्या नर्सेस तयार झालेल्या. त्यांनी कुल्याशपुढे दुधाचा चहा आणि ताजे तळलेले बाउर्साक ठेवले आणि समोर बसून डोळे पुसले.

"पोरी, लिहून घे. मीच ओतल्या. माझ्या हातांनी. यंत्र म्हणालं मेलंय, मी म्हातारा माणूस, यंत्रावर विश्वास ठेवला. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. त्या रोबर्टला सोडा. पोर आहे तो. चूक यंत्राची आहे."

"तुम्ही चारही बाटल्या पाहून ओतल्या?"

"लाल खूण पाहिली. त्यापुढे काय पाहायचं?"

एवढ्यात एक नवी नर्स दारात आली. "आगा, ही ए गटाची बाटली देऊ का इस्पितळाला? की जुनी झाली?"

"कधी भरलीय?"

"सहा तारखेला."

"सत्तावीसला संपते. आज बावीस. दे." ती गेल्यावर ते कुल्याशकडे बघून थकल्यासारखे हसले. "नव्या पोरींना तीन आठवडे मिळवता येत नाहीत."

मग उपप्रमुख डॉक्टर बेकझान आला. तिशीचा, अंगात नवं कातडी जाकीट, बोलण्यात गुर्मी.

"शनिवारी मी नव्हतोच. मला यात ओढू नका."

"कुठे होतात?"

"प्रांताच्या शहरात. खासगी काम."

"केंद्राची गाडी घेऊन? खासगी कामाला?"

बेकझानचा चेहरा जाकिटाहून गडद झाला. "ते आगांना विचारा," तो म्हणाला आणि दार आपटून गेला.

फ्रीज सांभाळणारी नर्स तामारा तर बोलेचना. रविवारी फोन तिनेच घेतला होता, रिकामा कप्पाही तिनेच पाहिला होता. तिने फ्रीज उघडून दाखवला. काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. कुल्याशने चिठ्ठ्या वाचल्या. अर्ध्याअधिक बाटल्यांची मुदत जानेवारीत संपत होती.

"या पण शनिवारी लाल झाल्या होत्या?"

"हो."

"मग या का नाही ओतल्या?"

तामाराने फ्रीजचं दार लावलं. "आगा म्हणाले, चार ओतल्यावर लक्षात आलं की यंत्र चुकतंय, मग थांबलो."

म्हणजे सुरुवात केली ती नेमकी गावातल्या सगळ्यात दुर्मिळ रक्तापासून. कुल्याश बाहेर पडली तेव्हा तिच्या डोक्यात एकच माणूस घोळत होता. कातडी जाकीटवाला, शनिवारी गाडी घेऊन गेलेला. रक्त ओतलंच नसेल तर ते कुठल्या तरी गाडीतूनच गेलं असणार.

पण आगा तर स्वतःच्या तोंडाने सांगत होते की मी ओतलं. म्हातारा बेकझानला कशाला वाचवेल?

४

लिदिया कार्लोव्ना नातीला बाटलीने दूध पाजत होती. झानिलची आई. मोठ्या हाडाची, सरळ पाठीची बाई. तिचा जावई अस्खत टॅक्सी चालवायचा. तो खिडकीशी भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि कुल्याश आली तरी वळला नाही.

"मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत," कुल्याश म्हणाली.

"मला एक सांगायची आहे. आतापर्यंत कोणी विचारलीच नाही." लिदियाने बाळाचं तोंड पुसलं. "त्या बाटल्यांतली एक माझी होती."

कुल्याश बसायची होती ती उभीच राहिली.

"झानिलचे दिवस भरत आले तेव्हा त्यांनीच मला बोलावलं. गावातले ओ निगेटिव्ह सगळे बोलावले. सगळे म्हणजे चारच. मी, डाकघरातला निकोलाय, आणि ते दोघे भाऊ, वाहनदुरुस्तीवाले. एकाच दिवशी चौघांचं घेतलं. झानिल माझ्याबरोबर आली होती. बर्फावर मी तिला सावरायचं की तिने मला, यावरून रस्ताभर भांडत गेलो." तिने दुधाची बाटली खाली ठेवली. "माझं रक्त तिच्यासाठी तिथे ठेवलं होतं. माझ्या मुलीपासून दोन रस्ते पलीकडे. आणि ती..."

खिडकीशी बसलेला अस्खत एकदम ओरडला. "कोणाला मारू, ते सांगा! कॉम्प्युटरला मारू? जाऊन फोडून टाकू? मला हात दिलेत, त्यांनी कोणाचा गळा धरू?"

बाळ दचकून रडायला लागलं. लिदियाने त्याला खांद्यावर घेतलं.

"हे कधी झालं?" कुल्याशने विचारलं. "रक्त कुठल्या दिवशी दिलंत?"

"स्वातंत्र्यदिनाच्या बरोबर आठवडाभर आधी. गुरुवारी. शाळेत कार्यक्रमाची तालीम होती, ती सोडून झानिल आली, म्हणून पक्कं आठवतं. सुई काढताना तामारा म्हणाली, आता तीन आठवडे काळजी नाही, तोवर मोकळी होईल पोरगी."

भिंतीवर घोड्यांचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. कुल्याश त्याच्यापाशी गेली. स्वातंत्र्यदिन सोळा डिसेंबरला. त्याच्या आधीचा गुरुवार नऊ. नऊपासून तीन आठवडे तिने बोटाने मोजले. मग पुन्हा मोजले, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

तीस डिसेंबर.

बाटलीची मुदत तीस डिसेंबरला संपत होती. एकोणीसशे नव्याण्णव सालच्याच डिसेंबरला. झानिलच्या आईच्या बाटलीवर ती दोन शून्यं नव्हतीच. चारांपैकी एकाही बाटलीवर नव्हती.

५

तामाराला तिने घरी गाठलं. केंद्रात बोलणार नाही, हे तिला कळलं होतं.

"नऊ तारखेला चौघांचं ओ निगेटिव्ह घेतलंस. त्या दिवशी बाकी कोणाचं घेतलं?"

"घेतलं की. आठ-दहा जणांचं. ए, बी, सगळे."

"त्यांच्यावर शनिवारी लाल खूण आली?"

"नाही." तामारा टेबल पुसत होती. तिचा हात थांबला. "नाही आली. शनिवारी दुपारी, पडदा लाल असतानाच, मी त्यातलीच एक इस्पितळाला दिली. पडद्यावर साफ होती."

"मग त्याच दिवशी भरलेल्या या चारांवर कशी आली?"

तामारा खुर्चीत बसली. ओलं फडकं मांडीवर तसंच राहिलं आणि तिचा झगा भिजत गेला, तरी तिला कळलं नाही.

"तू कधी मोजलं नाहीस?"

"आगांनी सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "आगांनी सांगितल्यावर मोजायचं कशाला?"

याचंच कुल्याशला सगळ्यात वाईट वाटलं. आणि मग वाईट वाटण्याचा राग झाला. सबंध गावाने मोजलं नव्हतं. दोन शून्यांचा बागुलबुवा टीव्हीने आणून दिला होता, एका सभ्य म्हाताऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी बेरीज कोणी केली नाही.

बेकझान केंद्राच्या गॅरेजमध्ये सापडला. तिने दार लावून घेतलं.

"शनिवारी गाडीत काय होतं?"

"सांगितलं ना, खासगी..."

"बेकझान, माझ्याकडे आत्ता एक खून आहे आणि दोन माणसं आहेत. एकाने फ्रीजमधून रक्त काढलं आणि एकाने नेलं. नेणारा तू आहेस. आता काढणारा पण तूच असं लिहू का? मला सोपं पडेल."

गुर्मी गळायला फार वेळ लागला नाही.

"बर्फाचा डबा होता. सीलबंद. आगा म्हणाले प्लाझ्मा आहे, मोठ्या इस्पितळात पोचव, कोणाला बोलू नकोस. देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं."

"सोमवारी झानिलचं ऐकलंस तेव्हा?"

तो जाकिटाची चेन वर-खाली करायला लागला.

"तेव्हा माहीत झालं," कुल्याश म्हणाली.

"आगा माझ्या बदलीवर सही करणार आहेत. अल्माटीला. बायकोने सामान बांधलंय..."

थोबाडीत मारण्यासाठी तिचा हात अर्धा उठला. तो तिने कोटाच्या खिशात कोंबला.

"डबा कोणासाठी होता?"

"उप-अकीम झेकसेन. प्रांताचे दोन नंबरचे साहेब. सोमवारी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. त्यांचाही गट तोच."

६

आगांनी या वेळीही चहा मागवला. कुल्याशने कप बाजूला सरकवला.

"आगा, मी एक बाटली सांगते. नऊ डिसेंबरला भरलेली. कधी संपते?"

"तीसला," ते म्हणाले. उत्तर तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"बघा, बोटंसुद्धा लागली नाहीत तुम्हांला. परवा माझ्यासमोर त्या पोरीला अशीच तारीख सांगितलीत. सगळं आयुष्य तुम्ही हेच करत आलात. अशा माणसाच्या हातात नऊ तारखेची बाटली असताना यंत्र म्हणालं की ही खराब झाली, आणि तुम्ही विश्वास ठेवलात? त्या लाल पडद्याला तर तुम्ही स्वतः हसला होतात. शिवाय यंत्र तसं म्हणालंच नाही. त्याला फक्त जानेवारी कळत नव्हता. डिसेंबर चांगला कळत होता. त्याच दिवशी भरलेल्या बाकी बाटल्यांना त्याने हात लावला नाही. म्हणजे लाल खूण नव्हती. खूण नव्हती तर ओतायचं कारण नव्हतं. आणि ओतल्या नाहीत, तर शनिवारी बेकझानने नेलेल्या डब्यात काय होतं ते मला सांगायची गरज नाही. त्याने सांगितलंय."

म्हाताऱ्याने डोळे पुसले नाहीत. या वेळी ते कोरडेच होते.

"शुक्रवारी फोन आला," तो म्हणाला. "साहेबांचं ऑपरेशन आहे, तुमच्याकडे त्या गटाचं असेल तेवढं पाठवा. नाही कसं म्हणणार? या केंद्राचं छप्पर, नवा फ्रीज, तो कॉम्प्युटर, सगळं त्यांच्या शब्दावर मिळालंय."

"चारही पाठवल्यात. एक नाही ठेवली?"

"असेल तेवढं म्हणाले होते."

"झानिलचं नाव तुमच्याकडे नोंदलेलं होतं. तुम्हीच तिच्या आईला बोलावलंत!"

"तिला अजून आठवडा होता. तोवर मी दुसरीकडून मागवलं असतं. बाळ लवकर आलं, त्याला मी काय करू?"

"आणि रोबर्ट?"

"रविवारी तामाराचा फोन आला. ती रडत विचारत होती, बाटल्या कुठे गेल्या. शनिवारचा तो लाल पडदा माझ्या डोळ्यांपुढे होता. तोंडातून निघून गेलं, यंत्राने बाद केल्या म्हणून. नंतर बघतो तर सगळ्यांना ते लगेच पटलं. कोणी दुसरा प्रश्नच विचारला नाही. रोबर्ट तरुण आहे. वर्ष-दोन वर्षांत सुटला असता. मी वर अर्जही करणार होतो त्याच्यासाठी."

"अर्ज करणार होतात!" कुल्याशचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. "तिथे तो पोरगा हातात पँट धरून मला विचारतो, मीच मारलं ना तिला. खरंच मानायला लागलाय तो! आणि तुम्ही इथे बसून माझ्यासमोर त्याच्यासाठी रडलात. कसे रडलात हो? मला तेवढंच कळत नाही. ते अश्रू कुठून आणलेत?"

आगांनी थंड झालेला चहा स्वतःकडे ओढला.

"निदान त्या माणसाचा जीव तरी वाचला का त्या रक्ताने?"

"लागलं नाही. ऑपरेशन सरळ झालं. एक थेंबही चढवावा लागला नाही."

"मग बाटल्या कुठे आहेत?"

"त्यांनी मोरीत ओतल्या. एकदा बाहेर गेलेलं रक्त केंद्र परत घेत नाही." त्याने मान खाली घातली. "तसा नियम आहे."

७

रोबर्ट शुक्रवारी सुटला. दारात त्याची बहीण आली होती. तो दोन्ही हातांनी कुल्याशचा हात धरून उभा राहिला. मग केंद्रात जाऊन त्याने राहिलेली दुरुस्ती संपवली, कारण ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

म्हाताऱ्याला त्याच दिवशी आत घेतलं. बेकझानचं बांधलेलं सामान त्याच्या बायकोने पुन्हा सोडलं.

सोमवारी मार्लेनने आरोपपत्र वाचलं. झेकसेनच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"आपाय, हे नाव काढा."

"का?"

"त्यांनी काय केलं? फोन केला. रक्त मागणं गुन्हा नाही. आजारी माणूस आहे, ऑपरेशन झालंय. अजून त्या इस्पितळात पडून आहेत."

"गावातलं असेल नसेल तेवढं सगळं रक्त त्याने मागितलं. उशाला ठेवायला. दुसऱ्या कोणाला लागेल का, एवढं तरी विचारायचं होतं."

"ते नाव राहिलं तर ही फाइल इथून पुढे सरकणार नाही. तुम्हांला ठाऊक आहे."

"मग तू काढ. तुझ्या हाताने खोड आणि शेजारी तुझी सही कर. माझ्याकडून होणार नाही."

मार्लेनने पेन उचललं. टोपणही काढलं. पण सही करायची म्हटल्यावर त्याने ते पुन्हा लावलं आणि फाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. खोडलं नाही, पाठवलंही नाही. कुल्याशने ते पाहिलं, कोट घातला आणि ती सरळ लिदिया कार्लोव्नाकडे गेली.

तिने काही लपवलं नाही. तारीख, डबा, फोन, सगळं सांगितलं. रक्त मोरीत ओतलं, तेही सांगितलं. अस्खत पहिल्यांदाच भिंतीकडून इकडे वळला होता.

"तो अजून इस्पितळात आहे?" लिदियाने विचारलं.

"आहे."

"कुठल्या खोलीत?"

हे सांगायचं नसतं. तपास अधिकाऱ्याची नोकरी अशा एका वाक्याने जाते. कुल्याशने तिच्या सरळ पाठीकडे पाहिलं, खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं.

"दुसरा मजला, शेवटची खोली," ती म्हणाली. "बाहेर माणूस बसलेला असतो. माझ्या ओळखपत्राशिवाय तो आत सोडणार नाही. अस्खत, गाडी काढ."

इस्पितळात दारावरच्या माणसाने ओळखपत्र पाहिलं, मग लिदियाच्या हातातलं बाळाचं गाठोडं पाहिलं आणि बाजूला झाला.

झेकसेन साहेब उशीला टेकून सूप पीत होते. शेजारी डाळिंबं आणि फुलं, आणि त्यांची बायको मासिक चाळत होती. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"कोण तुम्ही? अर्जबिर्ज असेल तर कार्यालयात द्या."

लिदिया कार्लोव्ना पलंगापाशी गेली. तिने बाळाची दुपटी सैल केली आणि त्याला अलगद साहेबांच्या पांघरुणावर, त्यांच्या गुडघ्यांच्या मध्ये ठेवलं.

"तुम्ही मागवलेलं रक्त माझं होतं," ती म्हणाली. "हिच्या आईसाठी ठेवलेलं. तिचं नाव झानिल. ती का आली नाही, ते हिला तुम्ही सांगा. मला सांगता येत नाही."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायको मासिक धरून तशीच बसली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात अस्खत उभा होता. बाळाने एक पाय हलवला, तोंड वेडावाकडं केलं आणि ते जोरात रडायला लागलं. साहेबांचा हात घंटीकडे गेला.

कुल्याशने ती घंटी उचलून खिडकीत ठेवली आणि दाराला आतून कडी लावली.